उन्हाळ्याची बिअर : जिभेची परीक्षा आणि मगाचा हिशेब

एप्रिल-मे महिना उजाडला की दवाखान्यात काही प्रश्न ठरलेले असतात. घामोळ्याला काय लावावे, मधुमेह असताना आंबा किती खावा, लघवीला जळजळ होते त्याला काय करावे. अलीकडे या यादीत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. "डॉक्टर, उन्हाळ्यात थंडगार बिअर घेतली तर चालते ना? ती काही दारू नव्हे. जवाचे पाणीच ते!"

पूर्वी हा प्रश्न दुकानात मिळणाऱ्या साध्या बिअरपुरता होता. आता घरोघरची मुले अंधेरी, ठाणे, पुणे येथे नोकरीला आहेत. ती सुटीत घरी येतात तेव्हा त्यांच्याबरोबर नवे शब्दही येतात. क्राफ्ट बिअर, बेल्जियन बिअर, समर बिअर. मागच्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी तपासणीसाठी आले होते. वय ६४, रक्तदाबाची गोळी चालू, रक्तातील युरिक ॲसिड वाढलेले आणि पायाचा अंगठा वर्षातून दोनदा सुजणारा. मुलाने अंधेरीहून आणलेल्या बाटल्यांविषयी ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तीत धने आहेत, संत्र्याची साल आहे, गहू आहे. माझी आई उन्हाळ्यात धन्याचे पाणीच द्यायची. मग ही औषधी नाही का?"

प्रश्न विचार करण्याजोगा आहे. धने आणि संत्र्याची साल त्या बिअरमध्ये खरोखरच असते. म्हणून आज ही बिअर म्हणजे काय, जाणकार तिची परीक्षा कशी करतात आणि त्या परीक्षेत आपल्या शरीराच्या दृष्टीने कोणती गोष्ट सुटून जाते, हे क्रमाने पाहू.

धने, गहू आणि बेल्जियमचे शेतमजूर

कोणतीही बिअर मुळात चार गोष्टींची बनते : पाणी, मोड आणून वाळवलेले जव, हॉप्स नावाच्या वेलीची कडसर फुले आणि यीस्ट. मटकीला मोड आले की ती गोडसर लागते, तसेच जवाचेही होते. ही गोडी गरम पाण्यात उतरवतात, ते पाणी हॉप्सबरोबर उकळतात, निववतात आणि त्यात यीस्ट सोडतात. इडलीचे पीठ रात्रभरात फुगते, ते सूक्ष्म जीव साखर खाऊन वायू सोडतात म्हणून. बिअरमध्येही यीस्ट साखर खाते, वायू सोडते आणि त्याबरोबर मद्यार्क तयार करते. जवातली बरीचशी साखर या कामी खर्च होते. म्हणून 'जवाचे पाणी' आणि 'बिअर' या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

बेल्जियम हा युरोपातील छोटासा देश. तेथील दोन प्रकार उन्हाळ्याशी जोडले गेले आहेत. पहिला विटबिअर, म्हणजे पांढरी बिअर. हिच्यात जवाच्या जोडीला मोड न आणलेला गहू असतो. शिवाय धने आणि कडू संत्र्याची वाळलेली साल घालतात. गव्हातील प्रथिने आणि यीस्ट यांमुळे ती न गाळलेल्या पन्ह्यासारखी गढूळ दिसते. हूगार्डन या गावी ही बिअर शतकानुशतके होत असे. विसाव्या शतकात तिथला शेवटचा कारखानाही बंद पडला. पुढे १९६६ च्या सुमारास पिएर सेलिस या गावातील दूधविक्याने ती पुन्हा सुरू केली. आज जगभर मिळणाऱ्या धने-संत्र्याच्या बिअरचे मूळ तिथे आहे.

दुसरा प्रकार सेझाँ. सेझाँ म्हणजे हंगाम. दक्षिण बेल्जियममधील फ्रेंच बोलणाऱ्या भागात शेतावरच ही बिअर थंडीत करून ठेवत आणि उन्हाळ्यात हंगामी मजुरांना देत. आपल्याकडे मळणीच्या वेळी मजुरांना ताक किंवा गुळाचा चहा देतात, तसाच हा प्रकार. त्या काळची ही बिअर सौम्य असे, ३ टक्के मद्यार्काच्या आसपास. आज त्याच नावाने विकली जाणारी बिअर बहुधा ५ ते ७ टक्क्यांची असते. या शैलीचा नमुना म्हणून जिचे नाव घेतले जाते ती ड्यूपाँ कारखान्याची सेझाँ ६.५ टक्क्यांची आहे. नाव तेच राहिले, जोर मात्र दुपटीवर गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिचे काम पुढे आहे.

आपल्या राज्यात जागेवरच बिअर तयार करून विकणारी पहिली छोटी भट्टी पुण्यात २००९ मध्ये डूलाली या नावाने सुरू झाली. मुंबईत २०१३ मध्ये लोअर परळला बार्किंग डिअर निघाले. त्यानंतर अंधेरी पश्चिमेला, वीरा देसाई रस्त्याच्या परिसरातील जुन्या औद्योगिक गाळ्यांतही अशी ठिकाणे निघाली. ज्या गाळ्यांत पूर्वी यंत्रे खडखडत, तिथे चकचकीत स्टीलच्या टाक्या आल्या.

परीक्षा कशी होते?

या विषयावर केवळ पुस्तके वाचून लिहू नये म्हणून मध्यंतरी अंधेरीला गेलो असता भाच्याला सोबत घेऊन अशा एका ठिकाणी गेलो. मी स्वतः पिणारा नाही, परंतु चव पाहण्यापुरती तयारी ठेवली होती. भाच्याने बिअरच्या परीक्षणाचा छंद म्हणून अभ्यास केला आहे. तो म्हणाला, "मामा, मग मागवायचा नाही. चाखायचे छोटे पेले मागवू. आणि तुम्ही आज अत्तर लावलेले नाही ना?" अत्तर, पान, सिगारेट, मिसळीचा तिखटपणा, यांपैकी काहीही असले तर नाक आणि जीभ नीट काम करीत नाहीत. टेबलावर साधे पाणी आणि बिनमसाल्याचा पाव होता. एक पेला झाला की पावाचा तुकडा खायचा, पाणी प्यायचे, मगच दुसरा.

पहिली परीक्षा डोळ्यांची. विटबिअर फिकट पिवळी, गढूळ आणि वर दाट पांढरा फेस असलेली हवी. फेस लगेच बसला तर पेला तेलकट आहे किंवा बिअर शिळी आहे असा संशय घेतात.

दुसरी परीक्षा नाकाची, आणि खरी परीक्षा हीच. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो. सर्दी झाली की आमटी सपक लागते ती याचमुळे. पेला हलकेच फिरवून लहान लहान हुंगायचे. मला संत्र्याच्या सालीचा वास ओळखता आला, मागाहून धन्याचा. भाचा म्हणाला, "अजून एक वास घ्या, मसाल्याच्या डब्यातला." तो लवंगेचा होता. लवंग त्यात घातलेलीच नव्हती! या जातीचे यीस्ट स्वतःच लवंगेसारखा वास देणारे द्रव्य तयार करते. काही यीस्ट पिकल्या केळ्यासारखा वासही देतात.

दोषही वासावरूनच कळतात. विरघळलेल्या लोण्याचा वास आला तर आंबवणे पुरते झालेले नाही. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास आला तर उकळण्यात किंवा आंबवण्यात कसर राहिली. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून शिळी झालेली बिअर. उन्हात राहिलेल्या बाटलीला एक उग्र, नकोसा दर्प येतो. हॉप्समधील द्रव्ये उजेडाने बिघडतात म्हणून बिअर तपकिरी काचेत भरतात.

तिसरी परीक्षा जिभेची. लहान घोट घेऊन तो तोंडभर फिरवतात. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात; बिअरचे परीक्षक मात्र थोडी गिळतात, कारण गिळल्यावर मागे रेंगाळणारा कडूपणा तपासायचा असतो. विटबिअर मऊ आणि किंचित आंबटसर लागली. सेझाँ कोरडी, फसफसणारी, मिऱ्यासारखी झणझणीत. कोरडी म्हणजे यीस्टने जवळजवळ सगळी साखर खाऊन टाकलेली.

स्पर्धांमध्ये ही परीक्षा गुण देऊन होते. अमेरिकेतील परीक्षकांच्या संस्थेचा तक्ता पुष्कळ ठिकाणी वापरतात. त्यात ५० पैकी वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. आपल्याकडे लोणचे किंवा पापड पारखणाऱ्या आजीबाईंकडे असा तक्ता नसतो, पण पद्धत हीच असते.

मी पाहिलेल्या चाखण्याच्या पेल्यात ६० ते ९० मि.ली. बिअर मावत होती. परीक्षकही साधारण एवढीच घेतात. संपूर्ण परीक्षा त्यात होते. म्हणजे या पेयाची जी काही खुबी आहे ती कळायला दोन-चार घोट पुरतात. उरलेला मग परीक्षेसाठी लागत नाही.

जीभ काय सांगत नाही?

वरच्या ५० गुणांमध्ये शरीरात किती मद्यार्क जाईल याला एकही गुण नाही. त्यात परीक्षकांचा दोष नाही. त्यांचे काम चवीचे आहे. पण पिणाऱ्याने तो हिशेब वेगळा करायला हवा, कारण या प्रकारच्या बिअरमध्ये जीभ तो करू देत नाही. आंबटपणा, फळांचा वास, फसफस, थंडपणा आणि गोडीचा अभाव या पाच गोष्टी एकत्र आल्या की ६.५ टक्क्यांची सेझाँ ५ टक्क्यांच्या साध्या बिअरपेक्षा हलकी वाटते. उत्तम सेझाँमध्ये मद्यार्क जाणवत नाही हे तिचे कौशल्य मानले जाते. स्वयंपाक्याच्या दृष्टीने ते कौशल्य असेल, डॉक्टरच्या दृष्टीने तो धोका आहे.

हिशेब सोपा आहे. मि.ली.ला टक्क्यांनी गुणा, १०० ने भागा आणि आलेल्या उत्तराला ०.७९ ने गुणा. मद्यार्काचे ग्रॅम मिळतात.

५०० मि.ली.चा मग, ५ टक्के : सुमारे २० ग्रॅम.
तोच मग, ६.५ टक्के : सुमारे २६ ग्रॅम.
शेतमजुरांची जुनी बिअर, ३ टक्के, तेवढाच मग : सुमारे १२ ग्रॅम.
व्हिस्कीचा मोठा पेग, ६० मि.ली., ४२.८ टक्के : सुमारे २० ग्रॅम.

पहिली आणि शेवटची ओळ पुन्हा वाचा. 'मी दारू घेत नाही, फक्त बिअर घेतो' असे म्हणणाऱ्या माणसाने एक मग संपवला की त्याच्या पोटात व्हिस्कीचा मोठा पेग गेलेला असतो. यकृताला बाटलीवरचे चित्र दिसत नाही. ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क निकालात काढते. लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. एका मगाचा निचरा व्हायला दोन ते तीन तास लागतात.

मोटार वाहन कायद्यानुसार रक्ताच्या १०० मि.ली.मध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. ६५ किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी एक मग भराभर संपवला तर तो ही मर्यादा ओलांडू शकतो. बाईच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच मगाने तिच्या रक्तातील प्रमाण आणखी वाढते. 'मला काही चढली नाही' हे वाक्य येथे उपयोगाचे नाही. चढल्याचे जाणवण्याआधीच ब्रेकवर पाय जायला उशीर होऊ लागतो.

थंडावा खरा की भास?

गार पेय घशाखाली उतरल्यावर बरे वाटते, ते गारव्यामुळे. मद्यार्काचे काम उलटे आहे. आपल्या मेंदूतून एक संप्रेरक स्रवते. ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगते. मद्यार्क हे संप्रेरक दाबतो, म्हणून बिअरनंतर वारंवार लघवीला जावे लागते. उन्हाळ्यात घामाने आधीच पाणी गेलेले असते. त्यात खारे शेंगदाणे आणि दोन मग बिअर म्हणजे रात्री तोंडाला कोरड, सकाळी डोकेदुखी. त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटते, रक्तदाब उतरतो. रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस अशा वेळी एकदम उठून उभा राहिला तर चक्कर येऊन पडू शकतो.

'मुतखड्यावर बिअर' हा समज तर गावोगाव आहे. लघवी वाढते हे खरे. पण खडा बिअरने विरघळत नाही. अडकलेल्या खड्यामागे लघवी आणखी वाढली तर वेदनाही वाढू शकते. पाणी भरपूर प्या, तेच काम फुकटात होते. शिवाय बिअरमध्ये प्युरीन नावाची द्रव्ये असतात, त्यांचे शरीरात युरिक ॲसिड होते. त्याचे खडेही होतात आणि ते सांध्यात साचले तर अंगठा टरारून सुजतो.

गुरुजींना मी हेच सांगितले, "गुरुजी, धने औषधी आहेत यात वाद नाही. पण त्या बाटलीत धने वासापुरते आहेत आणि मद्यार्क मापाने आहे. तुमच्या अंगठ्याला धन्याचा गुण लागणार नाही, बिअरचा दोष मात्र नक्की लागेल." त्यांनी बाटल्या मुलाला परत दिल्या. धन्याचे पाणी चालू केले आहे असे परवा कळवले.

कोणी घोटही घेऊ नये?

युरिक ॲसिड वाढलेले, यकृताचा आजार किंवा कावीळ झालेले, गर्भवती स्त्रिया, फेफऱ्याचा त्रास असलेले यांनी चाखण्याच्याही भानगडीत पडू नये. गव्हाचे पथ्य असलेल्यांनी विटबिअर तर मुळीच नको. जवाच्या साध्या बिअरमध्येही तेच ग्लुटेन असते. मधुमेहाच्या काही गोळ्यांवर आणि इन्सुलिनवर असलेल्या माणसाने रिकाम्या पोटी बिअर घेतली तर रक्तातील साखर धोकादायक उतरू शकते. घाम, थरथर, बरळणे ही लक्षणे पाहून घरचे समजतात 'जास्त झाली', झोपू द्या. आणि खरा उपाय राहून जातो. आव-जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू असताना, झोपेच्या किंवा गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांबरोबरही मद्य नको.

वजन उतरवणाऱ्यांसाठी एक आकडा. एका ग्रॅम मद्यार्कात ७ कॅलरी असतात. एका मगात मद्यार्काच्याच सुमारे १४० कॅलरी, वर उरलेल्या पिष्टाच्या वेगळ्या. मिळून २०० च्या आसपास. पोट भरत नाही, उलट भूक खवळते.

आता मोठा मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. तंबाखूची जोड असेल तर तोंड-घशाचा धोका कितीतरी वाढतो. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की आरोग्याला अगदी निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. बिअर, वाइन, व्हिस्की असा भेद त्यात नाही. म्हणून 'थोडी घेतलेली चांगली' असा सल्ला मी देत नाही. न पिणाऱ्याने आरोग्यासाठी सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही.

तरीही चव पाहायचीच असेल तर

अंधेरीला मुलाकडे गेलात आणि त्याने आग्रह केलाच, तर परीक्षकांची रीत पाळा. मग नको, छोटा पेला सांगा. आधी जेवा. पेल्यातील मद्यार्क किती टक्के हे विचारा. फळ्यावर किंवा बाटलीवर आकडा लिहिलेला असतो. हुंगून, थांबून, लहान घोटांनी चाखा. बरोबर तेवढेच पाणी प्या. सहा प्रकार चाखायचे म्हणून सहाही पेले तळापर्यंत रिकामे केले तर एक मगच झाला, हे ध्यानात ठेवा. परतताना लोकल, बस किंवा रिक्षा. स्वतःचे वाहन नको. आपल्या राज्यात बिअरसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, परवानाही लागतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे.

उन्हाळ्यासाठी घरचाच उपाय सांगतो. चमचाभर धने जाडसर कुटून पेलाभर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी गाळून चिमूटभर मीठ आणि थोडी खडीसाखर घाला. मधुमेह असेल तर साखर वगळा. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मीठही वगळा. संत्र्याच्या वासाची हौस असेल तर स्वच्छ धुतलेल्या सालीचा छोटा तुकडा त्यात टाका. कोकम सरबत, पन्हे, पातळ ताक हेही आहेतच.

शेवटी एक सूचना. जो माणूस रोज पितो आणि सकाळी ज्याचे हात थरथरतात, त्याने हा लेख वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. अशा वेळी झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांना भेटा, औषधाच्या आधाराने ती सुटते. घरच्यांनीही टोमणे न मारता त्याला सोबत घेऊन यावे.